थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम : शस्त्रकर्म आणि पश्चात्कर्म

हाताला मुंग्या येतात, हात जड पडतो, डोक्यावरची मोळी धरता धरता बोटे सुन्न होतात, ही तक्रार डहाणू व तलासरी तालुक्यांतील प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. आवणी आटोपल्यावर आणि वीटभट्टीवरून कुटुंबे परतल्यावर अशा रुग्णांची संख्या वाढते. यांपैकी बहुतेकांचे मूळ मानेच्या मणक्यांत, मनगटातील मज्जातंतूच्या दाबात, मधुमेहात किंवा निव्वळ अतिश्रमात सापडते. थोड्या रुग्णांत मात्र दोष मणक्यातही नसतो आणि मनगटातही नसतो. तो मानेच्या मुळाशी, हासळीच्या हाडामागील अरुंद वाटेत असतो. या व्याधीला आधुनिक वैद्यक थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणते. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली गेली की तो मुंबईच्या किंवा वलसाडच्या तज्ज्ञाला फार प्रश्न विचारत नाही. कागद घेऊन तो पुन्हा आपल्याकडेच येतो आणि विचारतो, ‘‘डॉक्टर, बरगडी कापणार म्हणतात. हात राहील ना? कामाला कधी लागू?’’ या प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असावीत, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

व्याधीचे स्थान

मानेतून निघणारे पाच मज्जातंतू एकत्र येऊन बाहुजालिका तयार होते. ही जालिका आणि हाताची मुख्य धमनी मानेच्या पुढील व मधल्या स्केलीन पेशींच्या फटीतून, पहिल्या बरगडीवरून, हासळीच्या हाडाखालून काखेकडे जातात. मुख्य सिरा याच बरगडीवरून, परंतु पुढील स्केलीन पेशीच्या पुढून जाते. हात वर केला की ही वाट मुळातच थोडी आवळते. ज्यांच्यात सातव्या मणक्याला जादा बरगडी असते, तंतुमय पट्टा असतो, स्केलीन पेशी जाड झालेल्या असतात किंवा हासळीचे हाड मोडून वेडेवाकडे जुळलेले असते, त्यांच्यात ती कायमची आवळली जाते. जादा बरगडी शंभरात एखाद्यालाच, किंबहुना त्याहूनही कमी लोकांत आढळते, आणि अशा बहुतेकांना जन्मभर कोणताही त्रास होत नाही. म्हणून क्ष-किरण चित्रात बरगडी दिसली एवढ्यावरून निदान करू नये.

दाब कशावर पडतो त्यावरून तीन प्रकार होतात. दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत तो मज्जातंतूंवर असतो. शंभरात तीन ते पाच रुग्णांत सिरेवर असतो. हात एकाएकी सुजतो, निळसर होतो, खांद्यावर व छातीवर शिरा फुगलेल्या दिसतात. धमनीचा प्रकार सर्वांत विरळ, शंभरात एखादा. परंतु तोच सर्वांत घातक. बोटे थंड व पांढरी पडतात, टोकांना काळे डाग येतात, कारण दाबलेल्या धमनीत गुठळी होऊन तिचे कण खाली सरकत असतात.

संहितांतील वर्णनाशी याची सांगड घालण्याचा मोह होतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या वातव्याधी अध्यायात विश्वाची व अवबाहुक यांचे वर्णन केले आहे आणि शारीरस्थानात वक्ष व कक्ष यांमधील कक्षधर मर्माच्या आघाताने हाताचे कर्म नष्ट होते असे सांगितले आहे. या प्रदेशाचे महत्त्व आपल्या आचार्यांना ठाऊक होते, हे यावरून दिसते. परंतु विश्वाची म्हणजेच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम असे समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. विश्वाचीच्या नावाखाली मानेचा मणका, मनगट, कोपर आणि ही अरुंद वाट असे सर्वच मोडू शकते. नामकरण झाले म्हणजे निदान झाले असे समजून महिनोन्‌महिने तेल व गुग्गुळ चालू ठेवण्यात रुग्णाचे नुकसान आहे.

आपल्या भागात प्रथम काय वगळावे

पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. हाताचे स्नायू सुकलेला रुग्ण समोर आला की प्रथम कोपराच्या आतील बाजूस अल्नर मज्जातंतू जाड व दुखरा आहे का ते चाचपून पाहावे, अंगावर न दुखणारे फिके चट्टे शोधावेत. दोन्ही व्याधींत करंगळी बधिर होते, परंतु फरक ओळखता येतो. कुष्ठातील अल्नर विकृतीत बधिरता मनगटाच्या थोडी वर संपते. थोरॅसिक आउटलेटमध्ये ती अग्रबाहूच्या आतील कडेने कोपराकडे चढते. शिवाय या व्याधीत स्नायूंचा क्षय बऱ्याचदा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यापासून सुरू होतो, तर अल्नर विकृतीत तो भाग शाबूत राहतो. कुष्ठाची शंका आल्यास रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो.

दुसरी गोष्ट विडीची. विडी ओढणाऱ्या तरुणाची बोटे काळी पडली तर बुर्गर व्याधीचा विचार करावाच, पण जादा बरगडीमुळे धमनी दबलेली असू शकते हेही लक्षात ठेवावे. बुर्गरमध्ये बहुधा पायही बिघडलेले असतात. एकाच हाताची बोटे बिघडली असतील तर मानेचे क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय राहू नये. तसेच पन्नाशीपुढील तंबाखूसेवन करणाऱ्या माणसाचा खांदा रात्रंदिवस ठणकत असेल, वजन घटत असेल व एका बाजूची पापणी उतरली असेल, तर फुफ्फुसाच्या टोकाचा अर्बुद वगळण्यासाठी छातीचे चित्र आधी काढावे.

आपल्याकडे करता येण्याजोगी परीक्षा सोपी आहे. रुग्णास बसवून दोन्ही बाहू खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात व तळवे पुढे, अशा स्थितीत ठेवून तीन मिनिटे मुठी सावकाश उघडझाप करण्यास सांगावे. व्याधीग्रस्त हात बहुधा मिनिटभरातच जड होऊन खाली येतो व मूळचीच लक्षणे उमटतात. मान वळवून दीर्घ श्वास घेतल्यावर मनगटावरील नाडी लोपते का ते पाहण्याची ॲडसनची परीक्षा जुनी व प्रसिद्ध आहे. परंतु कित्येक निरोगी माणसांतही नाडी लोपते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पुढे तज्ज्ञ डॉपलर, सीटी अँजिओग्राफी, मज्जातंतूवहन परीक्षा व मानेचा एमआरआय यांतून आवश्यक त्या तपासण्या करवतात. स्केलीन पेशीत बधिरतेचे औषध टोचून काही तास आराम मिळतो का हेही पाहिले जाते. आराम मिळाल्यास शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता वाढते.

कोणाला शस्त्रक्रिया लागते

मज्जातंतूंच्या प्रकारात घाई नसते. खांद्यामागील पेशी बळकट करणारे व्यायाम, श्वास पोटाने घेण्याची सवय, झोपताना हात डोक्यावर न घेणे, ओझ्याची पद्धत बदलणे, हे उपाय निदान दीड ते तीन महिने निष्ठेने करावयाचे असतात. बऱ्याच रुग्णांना एवढ्यानेच उतार पडतो. या काळात आपल्या अभ्यंग-स्वेदनास, नस्यास व वातशामक चिकित्सेस पेशींचा ताठरपणा कमी करण्यापुरते स्थान आहे, असा आमचा अनुभव आहे. मान झटकन वळवून कडकन आवाज काढण्याचे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत. व्यायामाने उतार पडला नाही, किंवा स्नायू सुकू लागले, पकड सैल होऊ लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्नायू सुकल्यावर पुष्कळ उशीर झालेला असतो, हे येथेच सांगितले पाहिजे.

सिरेच्या प्रकारात दिवस मोजावे लागतात. गुठळी विरघळवणारे औषध थेट सिरेत सोडावयाचे तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण चौदा दिवसांच्या आत त्याचा उत्तम उपयोग होतो. एकाएकी सुजलेल्या, निळ्या हाताला तेल चोळणे, लेप बांधणे, शेक देणे किंवा जलौका लावणे हे सर्व वर्ज्य. चोळल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. तलासरीचा किंवा उधव्याचा रुग्ण ‘सूज उतरेल’ म्हणून आठवडा घरी काढतो, आणखी एक आठवडा भगताकडे जातो, आणि मग आपल्याकडे येतो. तोवर ती मुदत संपत आलेली असते. अशा वेळी चिठ्ठी लिहून त्याच दिवशी पुढे पाठवणे हीच चिकित्सा.

धमनीच्या प्रकाराविषयी एक उदाहरण सर्व जगास ठाऊक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन संघाचा बेसबॉल गोलंदाज जे. आर. रिचर्ड याने 1980 साली आपला हात मेल्यासारखा होतो अशी तक्रार वारंवार केली. पुष्कळांनी तो आळस किंवा बहाणा मानला. तपासणीत धमनीतील अडथळा दिसूनही तो बेतानेच हाताळला गेला आणि 30 जुलै 1980 रोजी सराव करताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो जगला, परंतु त्या दर्जाच्या मैदानावर पुन्हा उतरू शकला नाही. ज्याच्या हाताची किंमत लाखो डॉलर होती त्याचेही कोणी ऐकले नाही, तर भट्टीवर कच्च्या विटा वाहणाऱ्या बाईने ‘हात मेला’ म्हटल्यावर मुकादम काय म्हणत असेल याची कल्पना करावी.

प्रधानकर्म : नेमके काय करतात

जादा बरगडी काढण्याची पहिली नोंद लंडनमधील होम्स कूट यांच्या नावावर 1861 सालची आहे. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे नाव 1956 मध्ये रूढ झाले आणि काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत रूस यांनी 1966 मध्ये मांडली. आज प्रामुख्याने दोन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग हासळीच्या हाडाच्या वरून. तेथे काही सेंटिमीटरचा आडवा छेद घेऊन पुढील व मधली स्केलीन पेशी कापतात, बाहुजालिकेभोवतीचे चिकट तंतू सोडवतात आणि जादा बरगडी असल्यास ती व बहुधा पहिली बरगडीही काढतात. मज्जातंतू डोळ्यांसमोर राहतात आणि धमनीची दुरुस्तीही याच मार्गाने करता येते. दुसरा मार्ग काखेतून. व्रण झाकला जातो, बरगडी चांगली काढता येते. पण क्षेत्र खोल व अरुंद असते आणि हात वर धरून ठेवण्यासाठी मदतनीस लागतो. सिरेच्या प्रकारात हासळीखालूनही छेद घेतात. काही मोठ्या केंद्रांत दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया होते. कोणता मार्ग श्रेष्ठ यापेक्षा त्या शल्यचिकित्सकाचा हात कोणत्या मार्गावर बसलेला आहे, हे अधिक महत्त्वाचे.

रुग्ण पूर्ण भुलीखाली असतो. शस्त्रक्रिया साधारण दोन ते तीन तास चालते, धमनी जोडावयाची असल्यास अधिक. रुग्णास बहुधा हे ऐकून भीती वाटते की बरगडी गेल्यावर छाती पोकळ पडेल. पहिली बरगडी लहान, आखूड व मानेच्या मुळाशी असते. ती काढल्याने छातीच्या आकारात वा श्वासात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. आमच्या अनुभवाने एवढ्या एका वाक्याने अर्धी भीती जाते.

धोके लपवू नयेत. फुफ्फुसाचे आवरण बरगडीला लागूनच असल्याने छातीत हवा शिरू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर छातीचे क्ष-किरण चित्र काढतात, क्वचित नळी घालावी लागते. पुढील स्केलीन पेशीवरूनच श्वासपटलाचा फ्रेनिक मज्जातंतू जातो. तो दुखावल्यास काही आठवडे किंवा महिने दम लागतो. मधल्या पेशीतून जाणारा लाँग थोरॅसिक मज्जातंतू दुखावल्यास खांद्याचे फलक पंखासारखे मागे येते. डाव्या बाजूस रसवाहिनी फुटल्यास नळीतून दुधासारखा स्राव येतो. काखेतून शस्त्रक्रिया केल्यास बाहूच्या आतील बाजूस बधिरता राहणे हे तर बऱ्यापैकी नेहमीचे आहे. मोठा रक्तस्राव किंवा बाहुजालिकेला कायमची इजा विरळ, पण घडते.

पूर्वकर्मात आपली जबाबदारी

येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण या कामात शल्यचिकित्सकापेक्षा आपण रुग्णाच्या अधिक जवळ असतो.

आपल्या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल विकृती आढळते. भुलीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, अंगातील पाणी घटणे किंवा शरीर थंड पडणे या गोष्टी सिकलसेलच्या रुग्णास गंभीर संकटात टाकू शकतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आणि तपासणी झालेल्यांस कार्ड दिले जाते. रुग्णाचे कार्ड असल्यास ते कागदांत सर्वांत वर लावावे. नसल्यास तपासणी करवूनच पुढे पाठवावे. वाहक आणि व्याधीग्रस्त यांतील फरक नातेवाइकांस समजावून सांगावा. वाहक म्हटल्यावर घाबरून शस्त्रक्रियाच टाळणारेही भेटतात. पांडुता तर आपल्याकडील स्त्रियांत नेहमीचीच. हिमोग्लोबिन वाढवण्यास हाती महिना-दोन महिने असतील तर त्यांचा उपयोग करून घ्यावा.

दुसरे, आपली औषधे. लसूण व आले औषधी मात्रेत, गुग्गुळ, हळदीचे अर्क यांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. अश्वगंधेने गुंगीच्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. सबब शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे ही सर्व औषधे थांबवावीत आणि रुग्ण काय काय घेत होता याची यादी स्वच्छ अक्षरात, आधुनिक डॉक्टरास कळेल अशा शब्दांत लिहून द्यावी. ‘आयुर्वेदिक औषध चालू’ एवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. आठवडी बाजारात मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. रुग्ण अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर ते भूलतज्ज्ञास कळलेच पाहिजे. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. विडी व तंबाखू थांबवण्याविषयी वेगळे सांगावयास नको.

तिसरे, जाण्याची सोय. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय आपल्या तालुक्यांत नाही. डहाणू उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरी ग्रामीण रुग्णालयातून पुढे मुंबईतील केईएम, जे. जे., नायर किंवा शीव येथे जावे लागते. सीमेलगतचे रुग्ण वापी, वलसाड, सिल्वासा येथेही जातात. एप्रिल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी येत असल्याने मुंबईचा फेरा पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, परंतु पाड्यावरून डहाणू रोडपर्यंत येणे हाच खरा प्रवास आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या शीर्षाखाली बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. रेशनकार्ड व आधार यांवरील नावे जुळत नसल्याने परत फिरावे लागलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

पश्चात्कर्म : पहिले सहा महिने

रुग्ण रुग्णालयात बहुधा दोन ते चार दिवस राहतो. स्राव वाहून नेणारी नळी एक ते तीन दिवसांत काढतात. पहिल्या आठवड्यात वेदना पुष्कळ असते; छेदाच्या जागी, खांद्याच्या फलकाभोवती व पाठीच्या वरच्या भागात. जुन्या मुंग्याही मध्येच उसळतात, कारण हाताळलेले मज्जातंतू काही काळ चिडलेले असतात. ‘शस्त्रक्रिया फसली’ असे रुग्ण समजतो, आणि नेमक्या याच आठवड्यात तो घरी परतलेला असतो. त्याला धीर देण्याचे काम आपले.

सिरेच्या व धमनीच्या प्रकारात सूज व थंडपणा लवकर उतरतो. मज्जातंतूंच्या प्रकारात वेदना काही आठवड्यांत कमी होऊ लागते, मुंग्या व बधिरता तीन-चार महिने रेंगाळते, शक्ती येण्यास सहा महिने ते वर्षही लागते. सुकलेले स्नायू मात्र पूर्ववत भरतीलच असे नाही. पुढील क्षय थांबला तरी लाभ झाला असे मानावे. योग्य निवड केलेल्या रुग्णांपैकी साधारण सत्तर ते नव्वद टक्क्यांना चांगला उतार पडतो. फार जुनी व्याधी आणि जोडीला मानेच्या मणक्याचा विकार असलेल्यांत हे प्रमाण कमी भरते. लक्षणे परतली तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततात. स्टीफन स्ट्रासबर्ग या नामवंत गोलंदाजाची ही शस्त्रक्रिया 2021 मध्ये उत्तम सोयींनिशी झाली, तरी त्यानंतर 2022 मध्ये तो एकच सामना खेळू शकला आणि 2024 मध्ये निवृत्त झाला. चेंडू दीडशे किलोमीटर वेगाने फेकणे आणि घरकाम करणे यांत अंतर आहे. पण शस्त्रक्रिया म्हणजे हात नवा झाला, अशी समजूत रुग्णास करून देऊ नये.

हालचालीविषयी ढोबळ मर्यादा अशा. हात पहिल्या दिवसापासून जेवण्यास, कपडे घालण्यास वापरावा. झोळीत बांधून ठेवल्यास खांदा आखडतो. मान हळूहळू वळवणे, बोटे व मनगट हलवणे, हात लोंबता ठेवून लंबकासारखा झुलवणे आणि दीर्घ श्वास घेणे लगेच सुरू करतात. पहिले काही आठवडे दोन किलोंहून अधिक वजन उचलू नये. रुग्णास किलो सांगून उपयोग नाही, तांब्या चालेल, कळशी नाही, असे सांगावे. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तिसऱ्या आठवड्यापासून खांद्याची पूर्ण हालचाल व मज्जातंतू मोकळे सरकवण्याचे व्यायाम, दीड महिन्यानंतर बळ वाढवण्याचे व्यायाम. बैठे काम महिनाभरात जमते. चिंचणी-वरोरकडील डायमेकिंगचे कारागीर बैठे काम करतात खरे, पण तासन्‌तास मान खाली घालून. त्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून खांदे मागे फिरवण्यास सांगावे. चिकूच्या बागेत जाळी लावलेल्या बांबूने फळे उतरवणे, जाळे ओढणे, ताडावर चढणे ही कामे हात खांद्यावर नेणारी. त्यांस तीन महिन्यांपूर्वी हात लावू नये, आणि त्यानंतरही अर्ध्या दिवसाने सुरुवात करावी. डोक्यावरचे ओझे सर्वांत शेवटी, चार ते सहा महिन्यांनी, तेही शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने. काहींना ते कायमचे सोडावे लागते.

पाड्यावरील रुग्ण आठवड्यातून दोनदा भौतिकोपचारासाठी शहरात जाणार नाही. रुग्णालयातून निघताना व्यायामाचा कागद मागून घेण्यास त्याला आधीच सांगावे. कागद इंग्रजीत किंवा गुजरातीत असला तरी चित्रे असतात. आपण ते व्यायाम त्याच्याकडून समोर करवून घ्यावेत, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावेत.

आपली चिकित्सा कोठे बसते? व्रण पूर्ण रुजेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्या भागावर तेल, लेप, चूर्ण काहीही लावू नये. त्यानंतर बलातेलाने किंवा क्षीरबला तेलाने हलक्या हाताने अभ्यंग करण्यास हरकत नाही. स्वेदनाविषयी सावध राहावे. बधिर त्वचेला शेकाची तीव्रता कळत नाही व चटका बसून फोड येतात. वाळूची पुरचुंडी वा गरम पाण्याची पिशवी घरी वापरू नये असे नातेवाइकांस बजावावे. वेदनाशामकांनी मलावष्टंभ होतो, जोर केल्याने छेदावर ताण येतो. इसबगोल किंवा सौम्य अनुलोमन द्यावे. आहार बृंहण असावा: दूध, तूप, अंडी, डाळी, सुकटही चालते. निद्रा नीट लागते की नाही याची विचारपूस प्रत्येक भेटीत करावी.

औषधालयचालकांस विशेष विनंती

सिरेच्या व धमनीच्या प्रकारातील रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असतात, सिरेच्या प्रकारात बहुधा तीन महिने तरी. वॉर्फरिन किंवा ॲसेनोकूमारॉल घेणाऱ्याची आयएनआर तपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे. ती बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. असा रुग्ण दुकानात येऊन डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन मागेल, कारण हात दुखतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. त्याच वेळी गुग्गुळकल्प, लसणाच्या वड्या, हळदीच्या कॅप्सूलही हाती देऊ नयेत. वॉर्फरिन घेणाऱ्याने पालेभाजी एकाएकी सोडू नये किंवा एकाएकी भरमसाट खाऊ नये. पावसाळ्यात रानभाज्या सुरू होतात तेव्हा हे सांगावे लागते. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, परंतु एखादी मात्रा चुकली तर संरक्षण लवकर जाते. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन ही मज्जातंतूंची औषधे मनाने एकदम थांबवू नयेत. जलौकावचारण, सिरावेध, अलाबू हे उपक्रम रक्त पातळ असेपर्यंत सर्वथा वर्ज्य आहेत, हे वैद्यबंधूंसही पुन्हा सांगून ठेवतो.

पुढील लक्षणे दिसल्यास रुग्णास न थांबवता रुग्णालयात धाडावे : वाढता दम किंवा छातीत कळ, हात पुन्हा सुजून निळा होणे, बोटे थंड व पांढरी पडणे, ताप व छेदातून पू, दुधासारखा स्राव, हातातील शक्ती एकाएकी जाणे, नाकातून वा लघवीतून रक्त.

शेवटचा मुद्दा शस्त्रक्रियेच्या दिवसांचा. मज्जातंतूंच्या प्रकारात तारीख ठरवण्यास थोडी मोकळीक असते, आणि तेथे आपला सल्ला उपयोगी पडतो. वीटभट्टीची कुटुंबे दिवाळीनंतर निघतात व पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगामाच्या मध्यात शस्त्रक्रिया झालेली बाई महिनाभरातच पुन्हा विटा वाहू लागते. गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्या खलाशांची स्थिती वेगळी नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते दोन महिने त्यांस सोयीचे, पण पुरेसे नाहीत. तेव्हा उचल घेण्यापूर्वी, भाद्रपदाच्या सुमारास, कुटुंबास बसवून सांगावे की या वर्षी हिला भट्टीवर न्यायचे नाही, किंवा न्यायचे तर स्वयंपाकास न्यायचे. शस्त्रक्रियेनंतर दीड महिना, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा चार वेळा रुग्णास बोलावून दोन्ही हातांची पकड, अंगठ्याचा उंचवटा व तीन मिनिटांची परीक्षा यांची नोंद केसपेपरवर करून ठेवावी.